अँड्रॉइड सोडून आयफोन घेताना: एप्रिल ते जून २०२५

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी साडेचार वर्षे वापरलेला अँड्रॉइड फोन बाजूला ठेवून आयफोन घेतला. नवा फोन घेणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही; परंतु ज्या एका यंत्रावर बँकेचे व्यवहार, आधारचा ओटीपी, नातेवाइकांचे आणि कामाचे पंधरा-सोळा गट आणि पोटापाण्याचा उद्योग हे सगळे अवलंबून आहे, ते यंत्र बदलायचे आणि शिवाय त्याची कार्यप्रणालीही बदलायची, या विचाराने मला आधीचे दोन आठवडे नीट झोप लागत नव्हती. हे काम कोणत्या क्रमाने करावे, कोणत्या पायरीला किती वेळ जातो आणि कुठे अडते, हे मला तारीखवार सांगणारे कोणी भेटले नाही. म्हणून माझ्या वहीतल्या नोंदींवरून हे लिहीत आहे.

मी साताऱ्यात राहते आणि मुद्रितशोधनाचे काम करते. वर्षभर पुण्यातल्या दोन प्रकाशकांची पुस्तके असतात आणि जून उजाडला की दिवाळी अंकांचे फर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे संच, येऊ लागतात. पूर्वी प्रुफे एसटीच्या पार्सलने येत आणि मी ती लाल शाईने तपासून परत पाठवत असे. आता पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते, संपादक त्याच संध्याकाळी उत्तराची वाट पाहतात, आणि मी संगणकासमोर नसले तर निदान तातडीच्या दुरुस्त्या फोनवरच कराव्या लागतात. त्यामुळे माझी तुलना कॅमेऱ्यापासून सुरू झाली नाही. मराठी किती बिनचूक आणि किती वेगाने लिहिता येते, पीडीएफवर खुणा करता येतात का, आणि दोन सिमकार्डांचे काय होते, हे माझे तीन प्रश्न होते.

जुना फोन २०२०च्या दिवाळीत साडेपंधरा हजारांना घेतला होता. ६४ जीबीची जागा भरत आली होती आणि दुपारी दोनच्या सुमारास बॅटरी मान टाकत असे. तरीही मी तो आणखी एखादे वर्ष चालवला असता. एप्रिलच्या सुरुवातीला सेटिंग्जमध्ये फोनविषयीची माहिती चाळताना मला दिसले की त्याचे शेवटचे सुरक्षा अद्यतन जून २०२३मधले होते. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे मी बँकेचे व्यवहार अशा फोनवरून करत होते, ज्यातल्या नव्याने सापडलेल्या फटी कोणी बुजवत नव्हते. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर ही तारीख आज जरूर पाहावी. फोन झकपक चालतो आहे, एवढ्यावरून ती कळत नाही.

शनिवारी, १९ एप्रिलला, माझी भाची पुण्याहून आली. तिने नवा फोन घेतल्यामुळे तिचा आयफोन १२ रिकामा होता. “मावशी, दुकानात पाच मिनिटं हातात घेऊन काही कळत नाही. हा आठ दिवस घरच्या वायफायवर वापर, रोजचं काम त्यावर कर, आणि मग ठरव,” असे म्हणून तिने तो माझ्यासमोर पूर्ण पुसला आणि माझ्या स्वतःच्या नावाने ॲपल खाते उघडून दिला. त्या एका आठवड्याने मला जेवढे शिकवले, तेवढे महिनाभर पाहिलेल्या व्हिडिओंनी शिकवले नव्हते. ओळखीत कोणाचा जुना फोन मिळण्यासारखा असेल तर ही पायरी चुकवू नये.

पहिल्या संध्याकाळी मी फोनची भाषा मराठी केली. अँड्रॉइडमध्ये मराठी २०१४च्या लॉलिपॉप आवृत्तीपासून आहे, त्यामुळे ती मला गृहीतच वाटत होती. आयफोनवर मात्र संपूर्ण प्रणालीसाठी मराठी निवडण्याची सोय ३१ मार्च २०२५ रोजी आलेल्या आयओएस १८.४ या आयफोनच्या कार्यप्रणालीत मिळाली, म्हणजे मी हे सगळे करत होते त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी. मराठी कळफलक त्यावर पूर्वीपासून होता, परंतु सेटिंग्ज इंग्रजीत किंवा हिंदीत वाचाव्या लागत. दहा-साडेदहा वर्षांचे हे अंतर मला खटकले आणि अजूनही खटकते. घरातल्या ज्येष्ठ माणसासाठी फोन घेताना केवळ या एका कारणाने अँड्रॉइड घेतलेल्यांचे मी चूक मानत नाही.

मग मी एक यादी केली: दुसऱ्या, वाऱ्यावर, ऱ्हास, ॲप, ऑगस्ट, कळफलक, दृष्टी, वाङ्मय, ज्ञान, पुनर्मुद्रण, कृपया, तऱ्हा. हे बारा शब्द दोन्ही फोनवर टंकले, स्वतःलाच मेलने पाठवले आणि संगणकावर उघडून पाहिले. हा खटाटोप का, ते सांगते. ‘दुसऱ्या’मधला य-ला चिकटलेला आडवा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, दोन रीतींनी साठवता येतो: एक खाली टिंब असलेला ऱ घेऊन, आणि दुसरी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. ‘ॲ’चेही तसेच आहे. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र चढवलेला आढळतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, परंतु तीनशे पानांच्या पुस्तकात ‘दुसऱ्या’ शोधायला सांगितले की संगणक एका रीतीचे शब्द दाखवतो आणि दुसऱ्या रीतीचे सोडून देतो. माझ्या कामात अशी सुटलेली जागा छापली जाते. समाधानाची गोष्ट ही, की दोन्ही फोनवर ही सगळी अक्षरे मिळाली. फक्त ती शोधायची जागा निराळी होती आणि बोटांना ती नव्याने शिकवावी लागली.

वेगाचे म्हणाल तर माझा हात जीबोर्डला, म्हणजे गूगलच्या कळफलकाला, सरावलेला आहे. रोमन अक्षरांत शब्द टंकला की तो देवनागरीत उमटतो आणि पुढचा शब्दही बऱ्याचदा बरोबर सुचवला जातो. आयफोनच्या कळफलकावर पहिल्या आठवड्यात मला जवळजवळ दीडपट वेळ लागला. जीबोर्ड आयफोनवरही बसवता येतो, परंतु तिथे पासवर्ड लिहिण्याच्या चौकटीत आयफोनचा मूळ कळफलकच पुढे येतो. अशा अदलाबदलीने माझा गोंधळ होत होता, म्हणून मी मूळ कळफलकच शिकायचे ठरवले.

पीडीएफच्या बाबतीत मात्र मला आयफोन मनापासून आवडला. व्हॉट्सॲपवर आलेले प्रूफ आयफोनच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये जतन करायचे, उघडायचे, वरच्या पेन्सिलीच्या खुणेला स्पर्श करायचा आणि बोटाने लाल रेघ ओढायची, एवढेच. वेगळे ॲप घ्यावे लागले नाही. माझ्या जुन्या फोनवर मी याच कामासाठी एक फुकट मिळणारे ॲप वापरत होते आणि ते दर चार-पाच पानांनी जाहिरात दाखवत असे. नव्या आणि महागड्या अँड्रॉइड फोनांमध्ये अशी सोय कंपन्यांनी स्वतः दिलेली असते, हे मला नंतर दुकानात समजले. त्यामुळे ही तुलना जुना स्वस्त फोन आणि आयफोन यांच्यातली होती, हे मान्य करायला हवे.

मागे जाण्याच्या खुणेने मला सर्वांत जास्त त्रास दिला. अँड्रॉइडवर पडद्याच्या उजव्या किंवा डाव्या, कोणत्याही कडेवरून बोट आत ओढले की माणूस एक पाऊल मागे येतो, मग ॲप कोणतेही असो. आयफोनवर तेव्हा डाव्या कडेवरूनच यावे लागे आणि काही ॲपमध्ये तेही चालत नसे, तिथे वरच्या कोपऱ्यातला बाण शोधावा लागे. ही सवय मोडायला मला बारा-तेरा दिवस लागले.

२६ एप्रिलला पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात जाऊन तीन फोन हाताळले. सॅमसंग गॅलेक्सी ए५६ची किंमत ४१,९९९ रुपये होती आणि त्याला सहा वर्षांची अद्यतने होती. गूगल पिक्सेल ९ए ४९,९९९ रुपयांना, २५६ जीबी जागेसह आणि सात वर्षांच्या अद्यतनांसह होता. आयफोन १६ई ५९,९०० रुपयांना होता आणि त्यात १२८ जीबीच जागा होती. मी घरी येऊन वहीत भागाकार केला. अद्यतने मिळतील तेवढी वर्षे फोन वापरला तर गॅलेक्सीला वर्षाला सुमारे ७,००० रुपये पडतात, पिक्सेलला साधारण ७,१५० आणि आयफोन सात वर्षे चालला असे धरले तर त्याला जवळजवळ ८,५५० रुपये. आयफोनसाठी सात वर्षे धरण्याचा आधार म्हणजे मागचा इतिहास: सप्टेंबर २०१८मध्ये आलेल्या आयफोन एक्सएसला २०२४ सालचे आयओएस १८ मिळाले होते. पिक्सेलमध्ये दोन कॅमेरे आहेत, आयफोन १६ईमध्ये मागे एकच आहे. किंमत, जागा आणि अद्यतनांची वर्षे असा एकत्र हिशेब केला तर पिक्सेल घ्यायला हवा होता, आणि ज्यांना माझ्यासारखे पीडीएफचे काम नाही त्यांना मी तोच सुचवेन. मी आयफोन निवडला, कारण आठ दिवसांत त्यावर माझे काम खरोखर झाले होते, ६.१ इंचांचा तो फोन माझ्या एका हातात मावत होता, आणि अडचण आली तर भाची फोनवरून प्रत्येक पायरी सांगू शकणार होती. हे तिसरे कारण लहान वाटते, परंतु माझ्या दृष्टीने ते सर्वांत मोठे ठरले. आपल्या जवळचे माणूस कोणता फोन वापरते, हे तुलनेच्या यादीत वरच्या ओळीत लिहावे.

अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मी ३ मे रोजी, शनिवारी सकाळी साडेदहाला गेले. फोनचे ५९,९०० रुपये झाले. खोक्यात दोन्ही टोकांना सी-टाइप असलेली केबल येते, पण चार्जर येत नाही, आणि माझा जुना चार्जर रुंद तोंडाचा असल्यामुळे त्यात ती बसत नव्हती. म्हणून १,१९० रुपयांचा चार्जर घेतला. काच आणि कव्हर मिळून ८५० रुपये. एकूण ६१,९४० रुपये झाले. दुकानदार जुना फोन तिथेच घेऊन २,५०० रुपये वजा करायला तयार होते. “ताई, डेटा आम्ही इथंच टाकून देतो, अर्धा तास लागेल,” असेही म्हणाले. मी नम्रपणे नकार दिला आणि तो निर्णय किती योग्य होता हे पुढच्या आठवड्यात कळले. जुना फोन किमान पंधरा दिवस घरात राहू द्यावा.

निघण्यापूर्वी *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. दूरसंचार विभागाच्या संचार साथी व्यवस्थेत केवायएम ही रोमन अक्षरे, त्यापुढे जागा सोडून आयएमईआय, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवला की त्या फोनची माहिती येते. नव्या फोनला याची फारशी गरज नसते, परंतु जुना फोन विकत घेणाऱ्याने हे केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रविवारी, ४ मे रोजी, सकाळी नऊला डेटा हलवायला बसले. यासाठी जुन्या फोनवर प्ले स्टोअरमधून ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप घ्यावे लागते. नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच अँड्रॉइडवरून माहिती आणण्याचा पर्याय येतो, तो निवडला की पडद्यावर एक संकेतांक दिसतो, तो जुन्या फोनवर भरायचा, आणि मग दोन्ही फोन आपापसांत वायफाय जोडणी करून काम सुरू करतात. संपर्क, संदेश, फोटो, दिनदर्शिका आणि व्हॉट्सॲप यांची निवड मी केली. एकूण ४१ जीबी होते. पाऊण तास सगळे सुरळीत चालले असताना जुन्या फोनवर संपादकांचा संदेश आला आणि मी सवयीने तो उघडला. ॲप पडद्यावर उघडेच ठेवायचे असते, ही सूचना मी वाचली होती आणि तरीही हात गेला. जोडणी तुटली. आयफोन पुन्हा पूर्ण पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, कारण ही सोय फोनच्या पहिल्या मांडणीच्या वेळीच मिळते.

दुसऱ्यांदा मी जुना फोन विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवले, दोन्ही फोन चार्जिंगला लावले, ते देवघराशेजारच्या फळीवर ठेवले आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवले की त्यांना कोणीही हात लावायचा नाही. दोन तास चाळीस मिनिटे लागली. जुन्या फोनवरचा पट्टा शेवटाकडे पोहोचला तरी आयफोनवरचा अजून पुढे सरकत असतो. तो संपेपर्यंत थांबायचे असते. त्यानंतर आयफोनवर व्हॉट्सॲप घेतले, त्याच क्रमांकाने नोंदणी केली, एसएमएसने आलेला ओटीपी भरला आणि २०१६पासूनचे संभाषण हळूहळू वर येऊ लागले. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा साठा गूगलच्या खात्यात असतो आणि आयफोन तो तिथून उचलू शकत नाही, म्हणून हाच मार्ग घ्यावा लागतो. हे मला आधी माहीत नसते आणि मी घाईने आयफोनवर नोंदणी करून मोकळी झाले असते, तर नऊ वर्षांचे संभाषण जुन्या फोनवरच राहिले असते.

सगळे काही आले नाही. व्हॉट्सॲपवरच्या कॉलची यादी येत नाही. कराडच्या एका पुस्तकबांधणी करणाऱ्या गृहस्थांचा क्रमांक मी कधी साठवलाच नव्हता, त्या यादीतूनच लावत असे. तो जुन्या फोनवरून उतरवून घेतला. सिमकार्डावर साठवलेले ६३ क्रमांकही आले नव्हते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये संपर्कांच्या विभागात सिमवरचे संपर्क आणण्याची सोय आहे, ती सिम घातल्यावर वापरली.

साठवणुकीचा खर्च मी गृहीत धरला नव्हता. गूगल खात्यासोबत १५ जीबी जागा फुकट मिळते, ॲपलच्या आयक्लाउडवर ५ जीबी. व्हॉट्सॲपचा आयफोनवरचा साठा आयक्लाउडमध्ये जातो आणि माझा एकटा साठाच ११ जीबीचा आहे. त्यामुळे महिन्याला ७५ रुपये देऊन ५० जीबी घेतले. फोटोंसाठी मी गूगल फोटोजच चालू ठेवले आहे. ते आयफोनवरही व्यवस्थित चालते.

सोमवारी, ५ मे रोजी, मुख्य क्रमांकाचे सिम आयफोनमध्ये घातले आणि यूपीआयकडे वळले. इथे दोन प्रणालींमधला फरक अगदी जवळून दिसतो. यूपीआय ॲपला आपले सिम याच फोनमध्ये आहे याची खात्री एसएमएस पाठवून करायची असते. अँड्रॉइडवर परवानगी दिली की ॲप तो संदेश स्वतःच पाठवून टाकते. आयफोन कोणत्याही ॲपला परस्पर संदेश पाठवू देत नाही; संदेशाची खिडकी उघडते, त्यात निरर्थक वाटणारी अक्षरांची लांबलचक ओळ आधीच भरलेली असते, आणि पाठवण्याचे बटण आपल्याला दाबावे लागते. ती ओळ पाहून मी पहिल्यांदा घाबरून खिडकी बंद केली, कारण अशा संदेशांपासून सावध राहा असेच आपल्याला शिकवलेले असते. ॲप आपण स्वतः ॲप स्टोअरवरून घेतलेले असेल आणि नोंदणी आपणच सुरू केलेली असेल, तर ती ओळ एकही अक्षर न बदलता पाठवायची असते. दुसऱ्याने पाठवायला सांगितलेली अशी ओळ मात्र कधीही पाठवू नये. सिममध्ये एसएमएसपुरती शिल्लक असू द्यावी.

पिन जुनाच चालला. परंतु नव्या उपकरणावर नोंदणी झाल्यावर काही काळ ५,००० रुपयांचीच मर्यादा असते, आणि माझ्या बँकेच्या नियमाप्रमाणे अँड्रॉइडसाठी हा काळ २४ तासांचा तर आयफोनसाठी ७२ तासांचा आहे. मला ६ मे रोजी अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंना १२,००० रुपये द्यायचे होते. त्या साताऱ्यातल्याच असल्यामुळे धनादेश घेऊन गेले. मोठी देणी फोन बदलण्यापूर्वी उरकावीत, एवढे माझ्या वहीत दोनदा अधोरेखित केलेले आहे.

खरी वाट पाहावी लागली ती दुसऱ्या क्रमांकासाठी. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोन १६ईमध्ये एकच सिमकार्ड बसते आणि दुसरा क्रमांक ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदवले जाणारे सिम, करून घ्यावा लागतो. माझा दुसरा क्रमांक जुना आहे आणि आधारशी तोच जोडलेला आहे. ८ मे रोजी मी मोबाइल कंपनीला ठरावीक संदेश पाठवला, तर उत्तर आले की खात्याला ईमेल जोडलेला नाही. कंपनीच्या दालनात गेले, चाळीस मिनिटे रांगेत उभी राहिले, आधारची प्रत दाखवून ईमेल नोंदवला. तो नोंदला जायला दुसरा दिवस उजाडेल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात दोन दिवस लागले. १० मे रोजी पुन्हा संदेश पाठवला, आलेल्या प्रश्नाला दिलेल्या मुदतीत होकार कळवला, मग पडताळणीचा फोन आला आणि शेवटी ईमेलवर क्यूआर कोड आला. तो संगणकाच्या पडद्यावर उघडून आयफोनने टिपला. दुपारी एक वाजता जुने सिम बंद पडले आणि ई-सिम संध्याकाळी सव्वापाचला सुरू झाले. मधल्या चार तासांत त्या क्रमांकाचे काहीच चालत नव्हते, आणि माझ्या जिवाची घालमेल झाली हे मान्य करते.

एवढ्यावर हे संपत नाही. सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या क्रमांकावर येणारे आणि जाणारे एसएमएस बंद ठेवावेत, असा दूरसंचार विभागाचा नियम आहे. कोणी आपल्या नावाने परस्पर दुसरे सिम काढून ओटीपी चोरू नये, यासाठी तो आहे आणि तो योग्य आहे. परंतु मला हे दालनात कोणीच सांगितले नाही. ११ मेच्या संध्याकाळपर्यंत आधारचा ओटीपी येत नव्हता आणि मी दोनदा फोन बंद-चालू करत बसले. तसे काही करायची गरज नसते, वाट पाहावी. जुलै २०२४पासून लागू झालेला आणखी एक नियम असा की सिम बदलल्यानंतर सात दिवस तो क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. कंपनी बदलायची असेल तर ते काम आधी करावे. आणि दोन्ही क्रमांकांचे सिम एकाच दिवशी बदलू नये. माझा मुख्य क्रमांक चालू होता म्हणून बँक आणि व्हॉट्सॲप तरी हाताशी राहिले.

पुढचे आठ दिवस किरकोळ कामांत गेले. डिजिलॉकरमध्ये प्रवेश केला की कागदपत्रे आपोआप दिसतात. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड आयफोनच्या सेटिंग्जमधून चालू करून घेता येतात. २० मे रोजी जुन्या फोनमध्ये काही राहिले नाही याची खात्री केली, त्यातून गूगल खाते काढून टाकले आणि मगच तो पुसला. खाते न काढता फोन सेटिंग्जबाहेरून पुसला तर पुढच्या माणसाला तो जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो. तो १,८०० रुपयांना विकला गेला, म्हणजे दुकानदारांनी देऊ केलेल्या रकमेपेक्षा सातशे रुपये कमी मिळाले. पंधरा दिवसांच्या निश्चिंतीसाठी मी ते पुन्हाही देईन.

९ जूनला पहिल्या दिवाळी अंकाचा पहिला फर्मा आला, तेव्हा मी पुण्याला जाणाऱ्या एसटीत होते. सोळा पाने होती. खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत त्यातली नऊ वाचून झाली होती. एका कवितेत ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ झाले होते, म्हणजे र-ची रेघ य-च्या डोक्यावर जाऊन बसली होती. मी त्या शब्दाभोवती बोटाने लाल वर्तुळ केले, समासात बरोबर रूप लिहिले, आणि स्वारगेटला उतरण्यापूर्वी फर्मा परत गेला.

१४ जूनला माझ्या पतींनी गॅलेक्सी ए५६ घेतला. त्यांचा जुना फोनही त्याच कंपनीचा होता. केबल जोडून सॅमसंगच्या स्मार्ट स्विच या ॲपने तासाभरात सगळी ॲप्स, अगदी पडद्यावरच्या मांडणीसकट, नव्या फोनवर आली. व्हॉट्सॲप दोन्ही फोनवर क्यूआर कोड जुळवून हलवले. दोन्ही सिमकार्डे एका फोनमधून काढून दुसऱ्यात घातली आणि कोणत्याही दालनात जावे लागले नाही. यूपीआयची मर्यादा दुसऱ्या दिवशी उठली. “तुझी वही मला लागलीच नाही,” असे ते म्हणाले, आणि ते खरे होते. एकाच प्रणालीत राहणाऱ्याचे काम एका शनिवारात होते. माझे ३ मे ते २० मे चालले. तेवढे दिवस हाताशी नसतील, किंवा मुलांचे प्रवेश, घराची नोंदणी असे ओटीपीवर चालणारे काम समोर असेल, तर त्या महिन्यात प्रणाली बदलू नये.

माझे एक काम अजून बाकी आहे. एका वृत्तपत्राच्या ई-आवृत्तीची वर्गणी मी जुन्या फोनवर प्ले स्टोअरमधून भरली होती. ती आयफोनवर वाचता येते, परंतु तिचे नूतनीकरण गूगल खात्यातूनच होते आणि बंद करायची तर तिथूनच करावी लागते. ती २८ सप्टेंबरला संपते. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर २५ तारखेच्या चौकटीत मी तशी नोंद करून ठेवली आहे.